पट्टीमागचं घर

— नाही, ती मुलांच्या खेळण्यातली नव्हे. ठेवा ती पेटीत, आणि ठेवताना नाव वरच्या बाजूला येईल अशी ठेवा. सागवानी पट्टी आहे. आमच्या पुंजाजी सुतारानं रंधा मारून दिली, पुस्तकाचं नाव मी माझ्या हातानं घातलं — बोरूनं, काळ्या शाईत — आणि नावाखाली कप्पा कोणता, ते. आपण बसा तर आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा मागचा पाय भरवशाचा नाही, ही घ्या. दारातून येताना खांदा घासला असेल आपला, दाराची एक फळी आम्ही लावूनच ठेवतो, पूर्वीपासून. तर आपण विचारत होतात, सगळे ग्रंथ वाचनालयाच्या मालकीचे आहेत काय, आणि मी सांगितलं, हो. सगळे. समोर कपाट आहे, कपाटात पुस्तकं आहेत, खाकी कागदाची वेष्टनं सगळ्यांना सारखी आहेत, कप्पे भरलेले आहेत — आणखी काय दाखवायचं? तेवढं लिहून घ्या, शिक्का करा, आणि सरकारी मान्यता मिळाली की कळवा, म्हणजे आपली चिखलीची गाडीही सापडेल. अमडापुराहून पुढं बुलढाण्याला जायचं म्हणजे गाडी चुकवून चालत नाही. पट्ट्यांचं काय विचारता? जुन्या आहेत. जुनी सवय आहे. आता त्यांचं काम उरलं नाही.

आपण हसलात. हसा, मागे आपल्या जागी जे गृहस्थ आले होते तेही हसले होते. त्यांनी हेच कपाट उघडलं — तेव्हा यात पुस्तक एक नव्हतं, ह्या पट्ट्याच उभ्या होत्या, दाटीवाटीनं, पुस्तकांच्या पाठी दिसाव्यात तशा — आणि म्हणाले, बाई, हे वाचनालय का लाकडाची वखार? मी म्हटलं, साहेब, आपल्याला जे हवं असेल त्याची पट्टी काढून माझ्या हातात द्या आणि दिवे लागायच्या वेळी या, पुस्तक ह्या टेबलावर असेल. त्यांना थांबायला सवड नव्हती. त्यांनी लिहिलं, ‘ग्रंथसंग्रह आढळला नाही.’ आढळला नाही — आणि गाव तर वाचत होतं. महाराष्ट्र झाला त्या साली हे सुरू केलं, तेव्हापासून वाचत होतं. मी जुन्या मॅट्रिकची आहे, वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची. माझ्या हातच्या कामाला कोणी असा शेरा दिला नव्हता. तो शेरा मला फार लागला. इतका लागायला नको होता, हे आता कळतं. तो लागला नसता तर आज सकाळी — असू द्या. चहा टाकू का? नको? बरं.

विचारलंतच तर सांगते, म्हणजे आपलाही तसाच गैरसमज नको. गावात सगळी पुस्तकं एका छपराखाली ठेवायला जागा नव्हती, आणि ठेवायला कोणी देतही नव्हतं. पण पुस्तकं होती. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या धान्याच्या कोठीवर, शाळेच्या पेटीत, मारुतीच्या देवळात पोथ्यांच्या खाली दोन चरित्रं. ज्याच्या घरी होती तो वाचत नव्हता, आणि जो वाचणारा होता त्याला ती कुठं आहेत ते ठाऊक नव्हतं. मग असं केलं — पुस्तक आहे तिथंच राहू द्यायचं आणि त्याची पट्टी तेवढी इथं आणून उभी करायची. कथा-कादंबऱ्या वरच्या कप्प्यात, चरित्रं त्याखाली, शास्त्र आणि गणित त्याखाली, बाकीचं तळाला. वाचणाऱ्याला काय दिसतं? एक कपाट. एक क्रम. तो विषय पाहतो, नाव पाहतो, पट्टी काढतो. पुढं ते पुस्तक माळ्यावरून येतं की देवळातून येतं, ते माझं काम. त्यानं विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. हा नियम पहिला, आणि बाकीचे सगळे त्याच्या जिवावर. पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरी हललं तरी पट्टी आपल्या जागी. वाचणाऱ्याला काही बदलल्याचं कळतसुद्धा नाही.

बरं, प्रत्येक घराची रीत निराळी, ती पण सांभाळायची. शाळेची पुस्तकं ओसरीवर बसूनच वाचायची, घरी न्यायची नाहीत, त्यांना पेन्सिल लावायची नाही. आता वाचता वाचता कोणाच्या मनात काही आलं तर? तर त्यानं चिठोऱ्यावर लिहावं आणि पानात सरकवावं. पुढचा माणूस पान आणि चिठोरा बरोबरच वाचतो. त्याच्या लेखी ते पुस्तकातच लिहिलेलं. शाळेचं पुस्तक मात्र जसंच्या तसं. तानाबाईच्या सासऱ्यांनी, बांधणावळ वाचावी म्हणून, तीन पुस्तकं एकाच पुठ्ठ्यात शिवून घेतली होती — बाहेरून एक, आत तीन. मी त्याच्या पट्ट्या तीन केल्या, तीन कप्प्यांत. एकाला गुरांच्या रोगांवरचं हवं, दुसऱ्याला प्रवासवर्णन. दोघांना वाटतं पुस्तकं निराळी. एक मागितलं की मी तिन्ही पट्ट्या आडव्या घालते, म्हणजे तिन्ही बाहेर गेलेली, एवढंच. आणि एक पट्टी तर अशी की तिच्यामागं पुस्तकच नाही. ‘जात्यावरच्या ओव्या’. ती कोणी काढली की मी गोजरबाईला निरोप देते. ती येते, ओसरीवर बसते आणि म्हणते. मागणाऱ्याला काय हवं होतं? ओव्या. मिळाल्या. आज सकाळी मी कप्प्यांत खरी पुस्तकं लावत होते तर गोजरबाई म्हणते, “बाई, मले कोन्त्या कप्प्यात बसवता?”

हां, हसलात तर हसा, पण ह्यात एक खोट आहे, आणि ती मी लपवणार नाही. पट्टी उभी आहे म्हणजे पुस्तक आहे, असं नाही. पट्टीला काही कळत नाही. पुस्तकाला वाळवी लागली, उंदरानं कुरतडलं, सासरी जाताना कोण्या मुलीनं ट्रंकेत घातलं — पट्टी आपली उभीच. म्हणून दिवाळीनंतर मी घरोघर फिरते. दारात उभी राहून नावं वाचते, घरचं माणूस ‘आहे’ म्हणतं, नसेल तर मी पट्टी काढून घेते. प्रत्येक घरी आत बोलावतात, पाट देतात, गूळ-शेंगदाणे देतात. प्रत्येक घरी जाते. म्हणजे — एका घरी आत जात नाही. तिथं विहिरीपाशी उभी राहून वाचते. आवाज पोहोचतो तिथून. माझा आवाज चांगला आहे. ते असू द्या.

— वास घेऊ नका. म्हणजे घ्या, पुस्तकाचा वास घेणं काही गुन्हा नाही. कडुलिंबाचा आहे. पाला घालतात पानांत, कसर लागू नये म्हणून. मी माझ्या पुस्तकांत कापूर घालते. शाळेच्यांना पेटीचा कुबट वास येतो, देवळातल्या दोघांना तेलाचा. वेष्टनं सारखी केली तरी वास सारखा करता आला नाही मला. आपण दुसरं उघडलंत, तेही कडुलिंबाचंच. आणि ते — हो, तेही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यातली जवळजवळ सगळी, आणि वरच्यातली बरीचशी. आपल्याला पुस्तकं मोजायची आहेत, हुंगायची नाहीत. आणि थुंकी लावून पान उलटू नका, त्या टेबलावर ओला स्पंज ठेवला आहे.

ताजा आहे पाला, हो. हिरवा आहे. आज सकाळचा. कोणी घातला म्हणजे? ज्यानं पुस्तकं आणली त्यानं घातला. तिनं. आपण आलात तेव्हा पायरीच्या खालच्या दगडावर एक बाई बसली होती, टोपलं पालथं घालून, पदर डोक्यावरून — आपण तिला वळसा घालून वर आलात. ती. ती आपल्या कामानं बसली आहे. तिचा आणि वाचनालयाचा — आपलं आडनाव काय म्हणालात? नाही, सहज विचारलं. नाही सांगितलंत तरी चालेल. सांगूच नका. मी विचारायला नको होतं. ह्या कपाटापुढं उभं राहून कोणाला आडनाव विचारायचं नाही, हे मी गावाला शिकवलं, आणि पाहा.

जनकाबाई तिचं नाव. भाऊराव मास्तरांची ती. मास्तर मागच्या वर्षी गेले. ओढ्याच्या पलीकडं बौद्धांची वस्ती आहे, दीक्षा घेतल्याला त्यांना आता पुष्कळ वर्षं झाली, तिथं घर, आणि मी उभी राहते ती विहीरही तिथलीच. शेजारच्या गावी शाळेवर होते. सातवीची फायनल झालेले, मॅट्रिक नव्हेत — हे मी का सांगते आहे? त्याचा इथं काही संबंध नाही. पुस्तकांचं वेड असं की सुटीला अकोल्याला गेले तर अंगावर नवा सदरा नसे, पाठीवर पुस्तकांचं गाठोडं असे. चरित्रं, खगोल, रसायन, परदेशांचे इतिहास, भाषांतरित कादंबऱ्या. कडुलिंबाच्या वासाची ती सगळी त्यांची. ती वजा करा, आणि ह्या कपाटात उरतं काय? शाळेच्या पेटीतली कविता, देवळातली दोन चरित्रं आणि माझ्या माहेरचं पाकशास्त्र. गोजरबाई उरते.

आणि मघाशी पट्टीची युक्ती मी माझी म्हणाले का? ‘असं केलं’ म्हणाले. कोणी केलं ते म्हणाले नाही. पण आपल्याला माझीच वाटली असणार, आणि तशी वाटावी अशाच बेतानं मी बोलले. युक्ती मास्तरांची. ते परसदारी आले होते — परसदारीच येत — आणि मी रडगाणं गात होते की लोक एकमेकांच्या घरचं पुस्तक घेत नाहीत, ह्याला त्याच्या घरचं चालत नाही. तर म्हणाले, “बाई, वाचनाऱ्याले पुस्तक पाहिजे, घर नाही पाहिजे. घर झाकून ठेवा, पुस्तक आपसूक चालते.” मग दुसऱ्या खेपेला पुठ्ठ्याची पट्टी कापून घेऊनच आले, कशी उभी करायची ते दाखवायला. आणि जाताना, कुंपणापाशी वळून, “पन हे कायमचं नाही बरं बाई. लोकाइची सवय मोडली का पट्टीच्या पाठीवर घराचं नाव घाला. ज्याचं त्याचं.” मी म्हटलं, घालू की. अहो, मला ते पटलं होतं. मनापासून पटलं होतं. दर वर्षी पट्ट्या पुसायला उन्हात काढल्या की ते विचारत, “बाई, औंदा?” आणि मी म्हणे, पुढल्या वर्षी मास्तर, किसनराव अजून तयार नाहीत. ते हसत. शेवटी शेवटी विचारायचेही बंद झाले, नुसत्या पट्ट्यांकडं पाहत आणि पाठ उघडी बघून जात. पाहा ना, ही पाठ. ही पाहा. कोरी. सगळ्यांची कोरी आहे.

किसनराव म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार, सोवळ्याचे कडक, विहिरीवर आधी त्यांची घागर. वाचनाचा नाद दांडगा. मास्तरांची पुस्तकं त्यांनी एकामागून एक वाचली, देवघराच्या कोनाड्यात ठेवून वाचली, हे मी पाहिलं आहे. मी त्यांनाच तर भीत होते. तर परवा — चैत्रात — आले, पुस्तक परत दिलं आणि म्हणाले, “बाई, त्या लिंबाच्या वासाच्या पुस्तकाइतलं आनखी काही असन तर पाहा. ती चांगली असतात.” म्हटलं, किसनराव, वासाचं काय? तर म्हणतात, “गावात पुस्तकात लिंबाचा पाला घालनारं घर एकच हाय. मले काय नाक नाही? पहिल्या वर्षीच समजलं.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? तर, “तुम्ही सांगत नोहत्या, मंग मी काऊन इचारू? तुमचा नेम व्हता. मले वाटलं, तुमालेच अवघड वाटून राह्यलं.”

तुम्हालाच. समजलं का साहेब? किसनरावांना ठाऊक. किसनरावांच्या सूनबाईला ठाऊक. देवळातल्या पुजाऱ्याला ठाऊक असणार, तोही त्याच कप्प्यातली नेतो. मग झाकलं कोणापासून? इतकी वर्षं मी पट्टीची पाठ कोरी ठेवली ती कोणासाठी? मी विचार करून पाहिला. विचार करायची मला सवय आहे. प्रश्न समोर आला की उत्तर लिहिल्याशिवाय मी पुढं जात नाही. उत्तर एकच येतं. पुस्तक हातात घेताना ते कोणत्या घरून आलं हे मला आठवायला नको होतं. पट्टी माझ्यासाठी होती. आणि हे किसनरावांनी सांगितलं मास्तर गेल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी लगेच नावं घातली असती, असं म्हणावंसं वाटतं. म्हणवत नाही. मी कोणी दुसरा तयार नसलेला माणूस शोधला असता.

जनकाबाईला वाचता येतं. हळू, अक्षराखाली बोट ठेवून, पण येतं, मास्तरांनी शिकवलं. मास्तर होते तेव्हा एकदा ती पुस्तक पोहोचवायला आली, परसदारी, आणि म्हणाली, “बाई, त्या कपाटात काय काय हाये, मले एक डाव पाह्याले भेटन का?” मी म्हटलं, तुला काय हवं ते सांग, मी पाठवते. ती म्हणाली, “पाह्यल्याशिवाय काय सांगू?” बरोबर होतं तिचं. कपाट असतंच त्यासाठी — माणसानं समोर उभं राहावं, नावं पाहावीत आणि ज्याचं नावही ऐकलं नव्हतं ते मागावं. मी काय केलं? मी म्हटलं, आज घर सारवलं आहे, पुन्हा ये. तिनं पुन्हा विचारलं नाही. ह्या कपाटाचा अर्ध्याहून जास्त भाग तिच्या घरचा, आणि सगळ्या गावात हे कपाट न पाहिलेली वाचणारी बाई ती एकटी. मघा आपण दार उघडलंत तेव्हा तिनं मान वर केली होती. दिसलं असेल का तिला तिथून? नाही दिसणार. एक फळी लावलेली असते.

आता सांगूनच टाकते, नाहीतर आपण म्हणाल, सकाळचं सकाळचं म्हणून अर्धवट सोडलं. वस्तीतल्या लोकांनी विहाराशेजारी एक खोली बांधली आहे, वाचनासाठी. दारावर मास्तरांचं नाव घालणार. जनकाबाई आली होती सांगायला. भांडायला नाही, तिच्या बोलण्यात भांडण नसतंच. म्हणाली, “पट्ट्या ऱ्हाऊ द्या बाई तुमच्या कपाटात. त्याईची लय हौस होती. फकत ज्याले पुस्तक पाहिजे त्याले म्हना, तिकडं येऊन घेऊन जाय. आमी देऊ. बसाले सतरंजी हाये.” एवढंच मागणं. पुस्तकं तिची, घर तिचं, आणि मागणं काय, तर लोकांना पत्ता सांगा. मी म्हटलं, पाहू. आणि त्याच आठवड्यात आपल्या खात्याचं पत्र आलं की निरीक्षक येणार, ग्रंथ प्रत्यक्ष दाखवावे लागतील, आणि ते संस्थेच्या मालकीचे असले पाहिजेत.

मग मी तिला निरोप धाडला. गोजरबाईकडून. एका दिवसासाठी सगळी पुस्तकं आण, सरकारी साहेबांना दाखवायची आहेत, मास्तरांच्या पुस्तकांचा मान होईल. मान हा शब्द मी मुद्दाम घातला. ती उजाडताच आली. किती खेपा घातल्या डोक्यावरून मी मोजल्या नाहीत, मी मोजण्यात पक्की असून. प्रत्येक पुस्तकात तिनं ताजा पाला घातला होता, पुसून आणली होती एकेक. परसदारी ओट्यावर ठेवून मागं सरायची. तिथून आत मीच नेली. माझ्या पाठीत अजून कळ आहे. शेवटचं ठेवलं तेव्हा म्हणाली, “सांजीले नेऊ ना बाई?” मी म्हटलं, हो. आणि हे ‘हो’ तोंडात असतानाच मला ठाऊक होतं की आपण विचाराल, मालकीची आहेत काय, आणि त्यालाही मी ‘हो’ म्हणणार आहे. एकाच दिवशी, एकाच तोंडानं. एकदा आपला शिक्का बसला की पुस्तकं इथून हलायची नाहीत. दर निरीक्षणाला ती इथं दिसलीच पाहिजेत. मग मी तिला काय सांगणार होते? सरकारनं अडकवलं म्हणून सांगणार होते. तेही ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. तुमच्या डोक्यावर ढकलणार होते, साहेब.

मी स्वतःची समजूत अशी घातली की तिकडं वाचणार कोण. इथं सगळं गाव येतं. मालकी एकदा इथं आली की कोणतं घर हा प्रश्नच मिटतो, किसनराव नाही, जनकाबाई नाही, फक्त वाचनालय. किती स्वच्छ वाटतं ऐकायला. मास्तरांच्याच बोलण्यासारखं वाटतं. फक्त त्यांनी घर झाकायला सांगितलं होतं, घर रिकामं करायला नव्हतं सांगितलं.

— ऐकलंत? ती विचारते आहे. “झालं का बाई?” म्हणून. बस थोडी, होऊन राह्यलं! — क्षमा करा, मी अशी ओरडत नाही, आणि अशी बोलतही नाही. माहेरी बोलत असू तसं निघालं तोंडातून. उन्हात बसली आहे ती. सकाळपासून. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला चहा विचारला, दोनदा विचारणार होते. तिला पाणी विचारायचं तर भांडं कोणतं द्यायचं हा विचार आला, आणि तो विचार करता करता तुम्ही आलात.

पेन उघडं आहे ना तुमचं? मग ते ‘हो’ खोडा. नीट, एकाच रेघेनं, आणि बाजूला सही करा. लिहा: कपाट एक. पट्ट्या सागवानी, सुस्थितीत. संस्थेच्या मालकीचे ग्रंथ, कापराच्या वासाचे असतील तेवढे; तुम्हीच हुंगून मोजा. नाहीतर मागच्या गृहस्थांचा शेरा आहे, तोच खाली उतरवा, मी हरकत घेणार नाही. मान्यता नाही मिळणार? नाही मिळायची. वाईट वाटेल मला. फार वाटेल, मी खोटं सांगत नाही. रात्री मी पुन्हा म्हणेन की म्हातारे, हातचं घालवलंस. म्हणून आताच लिहा, माझं मन आहे तोवर, माझ्या देखत.

उठा आता. बोरू मला तिथून द्या, ती दौत पण. पट्ट्यांच्या पाठी भरायला वेळ लागेल आणि मला दिवसाच्या उजेडातच दिसतं. जाताना दाराची ती दुसरी फळी उघडा — वरची कडी घट्ट आहे, खालून थोडी उचलून ओढा, निघेल. टोपलं मोठं आहे तिचं, एका फळीतून यायचं नाही. आणि पायरी उतरताना तिला सांगा की आत बोलावलं आहे, कपाट पाहायला. पुस्तकं नंतर भरू, आधी पाहून घे म्हणावं. नाही, मी नाही हाक मारत. मागच्या दारातून तिला इतकी वर्षं हाक मारली आहे, पुढच्या दारातून मारायला गेले तर आवाज निघायचा नाही. तुम्ही सांगा. कोणी बोलावलं ते सांगायची काही गरज — नाही. सांगा. मनकर्णाबाईंनी बोलावलं म्हणून सांगा. निघा, गाडी जाईल.